काळ्या मुलखातली चाके

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातुरास जाणाऱ्या महामार्गावर ज्या असंख्य मोटारसायकली रात्रंदिवस धावत असतात, त्यांतील पुष्कळांचे निम्मे आयुष्य त्या महामार्गावर आणि उरलेले निम्मे त्याला दोन्ही अंगांनी येऊन मिळणाऱ्या पांदणींत जाते. आणि चाकांची परीक्षा होते ती या दुसऱ्या निम्म्यात. डांबरी सडक टायर झिजवते, पण ती झीज उघड्या डोळ्यांना दिसते आणि टायर बदलला की तिचा हिशेब चुकता होतो. पांदण मात्र रिंगेच्या सांध्यात, तारांच्या मुळाशी, मडगार्डाच्या पोटात जी ओल ठेवून जाते, तिचा दाखला मालकाला दोन-तीन पावसाळ्यांनंतर, म्हणजे इलाज करण्याची वेळ टळून गेल्यावर मिळतो. प्रस्तुत प्रकरणात चाक चकचकीत कसे करावे हे सांगण्यापेक्षा ही ओल कोठे दडते आणि तिला तेथून कसे बाहेर काढावे, हेच मुख्यतः सांगावयाचे आहे; चकाकी ही त्यामागून आपसूक येणारी गोष्ट आहे, आणि न आली तरी चाकाचे काही अडत नाही.

याच मुलखात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत जे चाक हिंडत होते ते बैलगाडीचे. सुताराने घडवलेला तुंबा, त्यात ठोकलेले बाभळीचे आरे आणि लोहाराने लाल होईतो तापवून वर चढवलेली लोखंडी धाव, एवढाच त्याचा संसार. ते चाक कोणी धुतल्याचे ऐकिवात नाही. आसाला वंगण घातले की गाडीवानाचे कर्तव्य संपले. उलट उन्हाळ्यात लाकूड आक्रसून धाव सैल झाली, की गाडी मुद्दाम नदीच्या पात्रात उभी करून चाके भिजवीत, कारण पाणी प्यालेले लाकूड फुगून धावेला पुन्हा घट्ट धरीत असे. पाणी हा त्या चाकाचा मित्र होता. त्याच्या जागी आलेल्या पोलादी चाकाचा तो वैरी आहे. आणि तरीही पोलादी चाकाला वागणूक मात्र अजून पुष्कळ घरी लाकडी चाकाचीच मिळते: गाडी ओढ्यात किंवा वॉशिंग सेंटरवर नेऊन मनसोक्त भिजवावी आणि तशीच ओलीचिंब आणून गोठ्याच्या वळचणीला उभी करावी, हा शिरस्ता काही सुटलेला नाही.

आता मातीविषयी. गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ही दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, लक्षावधी वर्षे विघटन होऊन तयार झालेली आहे, आणि तिच्यातील चिकणमातीचा प्रमुख घटक माँटमोरिलोनाइट या नावाचे एक खनिज आहे. या खनिजाची रचना अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असून पाण्याचे कण त्या पापुद्र्यांच्या मधोमध शिरू शकतात. म्हणून ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वैशाखात रानाला ज्या हात-हात भेगा पडतात त्या याच गुणामुळे. चाकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पावसाळ्यात ही माती टायराला धरते, टायर तिला मडगार्डाच्या पोटात नेऊन भरतो, आणि अर्ध्या कोसात चाक फिरावयाचे थांबते. मग स्वार खाली उतरून तुऱ्हाटीच्या काडीने किंवा लिंबाच्या फाटीने तो राडा खरवडीत बसलेला दिसतो. खनिजाच्या पापुद्र्यांत शिरलेले पाणी फार सावकाश बाहेर पडते, हा या गुणाचा दुसरा आणि अधिक घातक परिणाम आहे. वाळूचा चिखल तासाभरात कोरडा होतो; काळ्या मातीचा पिंड वरून वाळलेला दिसला तरी आत, धातूला लागून असलेल्या भागात, कित्येक दिवस ओलसर राहतो, आणि गंज चढण्यास लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांखेरीज दुसऱ्या कशाचीही आवश्यकता नसते.

यावरून धुण्याचा पहिला नियम निघतो, आणि तो वेळेचा आहे. चिखल ताजा असताना थोड्या पाण्याने सहज वाहून जातो. पूर्ण वाळला असेल तर आक्रसल्यामुळे त्याच्या खपल्या होतात आणि लाकडी पट्टीने मडगार्डाच्या आतून, चेनकव्हराच्या खालून त्या कोरड्याच पाडता येतात. एक थेंबही पाणी लागत नाही. अर्धवट वाळलेल्या चिखलाशी मात्र झटापट करू नये, कारण तो निघत तर नाहीच, उलट हातातील चिंधीखाली सरकून पृष्ठभाग घासून काढतो. माती स्वतः मऊ असते हे खरे. परंतु पांदणीच्या मातीत मुरूम असतो, खडी केंद्राची डस्ट असते, आणि पठाराच्या पाषाणातून सुटलेले गारगोटीचे बारीक कण असतात, जे रंगाला आणि लॅकरच्या थराला सहज ओरखडे पाडू शकतात. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याची जी सवय पेट्रोल पंपावर, पानपट्टीसमोर, कचेरीच्या आवारात सर्वत्र दिसते, तिने चाकाचे जितके रूप गेले आहे तितके पावसानेही गेले नसेल.

मोटारसायकलीच्या चाकांचे दोन वंश आहेत. पहिला तारांचा. ताणलेल्या तारांवर भार तोलणाऱ्या चाकाची कल्पना इंग्लंडात जॉर्ज केली याने 1808 मध्ये मांडली आणि तारा तुंब्याला तिरप्या, स्पर्शिकेच्या दिशेने जोडण्याची युक्ती जेम्स स्टार्ली याने 1874 मध्ये काढली. आज आपल्या साध्या गाडीच्या चाकात ज्या साधारण 36 तारा एकमेकींना छेदून गेलेल्या दिसतात, त्या त्याच युक्तीच्या वारस होत. लाकडी आरा भाराखाली दाबला जातो, तार मात्र सदैव ताणलेली असते, आणि तिचा ताण रिंगेपाशी निप्पल नावाच्या एका इवल्याशा आट्यांच्या टोपणाने धरून ठेवलेला असतो. रिंग पोलादी पत्र्याची, तिच्यावर निकेलचा लेप आणि त्यावर क्रोमियमचा. हा जो क्रोमियमचा लेप आरशासारखा झळकतो, तो इतका पातळ असतो की मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागाहूनही त्याची जाडी बहुधा कमी भरावी. तो कठीण असतो, स्वतः गंजत नाही. पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे असतात, आणि खरे रक्षण करणारा थर त्याखालचा निकेलचा आहे. ज्या ठिकाणी हा निकेलही विरळ असतो, म्हणजे निप्पलांच्या भोकांच्या कडांना आणि रिंगेच्या वळलेल्या काठांना, तेथून पाणी पोलादापर्यंत पोचते, आणि मग रिंगेवर पिवळसर तांबूस ठिपके उमटू लागतात. हे ठिपके वरून लागलेले नसून आतून आलेले असतात, ही गोष्ट मनात पक्की बसली म्हणजे वर कितीही पॉलिश घासले तरी ते पुन्हा का उगवतात, याचे नवल वाटत नाही.

मद्रासेस 1955 मध्ये जुळणी सुरू झालेली बुलेट, किंवा 1962 नंतरची राजदूत, यांच्या रिंगा जाड पत्र्याच्या असल्यामुळे गंज चढूनही वर्षानुवर्षे तग धरीत असत. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी राजदूत ज्या बेदरकारीने वापरली ती पाहता त्या गाडीची सहनशीलता वाखाणण्याजोगी होती. 1985 मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकांची हलकी गाडी आली आणि त्याच वर्षी औरंगाबादेजवळ वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू होऊन मोटारगाड्यांच्या धंद्यात मराठवाड्याचेही नाव लागले. त्यानंतरच्या काळात इंधनाच्या बचतीसाठी गाडीचा प्रत्येक भाग हलका होत गेला, आणि हलक्या रिंगेला गंज परवडत नाही.

वरच्या गंजाचा बंदोबस्त सोपा आहे. हॉटेलातून येणाऱ्या पार्सलची चंदेरी पन्नी चुरगळून, पाण्यात बुडवून ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवावी. पन्नी ॲल्युमिनियमची, म्हणजे क्रोमियमहून पुष्कळच मऊ असल्यामुळे लेपाला ओरखडा पडत नाही, आणि गंज मात्र करड्या चिखलासारखा सुटून येतो. भांडी घासण्याची तारेची जाड घासणी या कामी वापरणे म्हणजे रिंगेला स्वहस्ते भोके पाडणे होय. गंज निघाल्यावर ती जागा पुसून, उन्हात वाळवून, तिच्यावर ताबडतोब मेणाचा किंवा निदान व्हॅसलीनचा हात फिरवला पाहिजे, कारण उघडे पडलेले छिद्र दुसऱ्या दिवशीच्या दवानेही पुन्हा गंजू लागते.

निप्पलांविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्यांचा संबंध गोठ्याशी येतो, आणि त्या संबंधाचा इतिहास याच देशात घडलेला आहे. इंग्रजांच्या फौजेजवळ बंदुकीच्या काडतुसांची जी पितळी कवचे असत, ती हिंदुस्थानात पावसाळ्याच्या दिवसांत कोणी हात न लावताही तडकत. पुढे 1921 मध्ये इंग्लंडातील धातुशास्त्रज्ञांनी या प्रकाराचा उलगडा केला. पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवली जात. घोड्यांच्या मुताचे विघटन होऊन अमोनिया वायू सुटे. आणि आधीच ताणाखाली असलेल्या पितळेला दमट हवेत अमोनियाचा स्पर्श झाला, की त्याच्या कणाकणांतील सांधे उसवून ते चिरफळत असे. आता आपल्या दाराशी पाहावे. गोठ्यात बैलजोडी, शेजारी म्हैस, जमिनीत मुरलेले गोमूत्र, वर पावसाळी दमट हवा, आणि म्हशीच्या दावणीला खेटून उभी केलेली मोटारसायकल, जिच्या चाकात 36 निप्पले आहेत; पुष्कळ गाड्यांत ती पितळेची असून वर निकेलचे नुसते पाणी चढवलेले असते, आणि प्रत्येक निप्पल चोवीस तास तारेच्या ताणाखाली असते! एखादी तार धक्का न बसता सुटली, किंवा चाकाचा आउट वारंवार काढावा लागू लागला, तर पंचनामा करताना रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर गाडी उभी करण्याच्या जागेचाही तपास करावा. गोठ्यावाचून दुसरी सावली नसेल तर निदान गोमूत्राचा निचरा जिकडे होतो त्याच्या उलट अंगाला, मोकळ्या हवेच्या बाजूस गाडी लावावी, आणि निप्पलांच्या मुळाशी महिन्याकाठी एकदा ब्रशाने तेलाचा थेंब द्यावा.

गोठ्याचाच धाकटा भाऊ म्हणजे खताचे पोते. पेरणीच्या दिवसांत टाकीवर एक आणि मागे एक अशी पोती घालून जाणारी गाडी नांदेड-लातूर जिल्ह्यांच्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. युरिया हवेतील ओल शोषून पाझरतो आणि जिवाणूंच्या क्रियेने त्याचाही अमोनियाच होतो; तांबडे पोटॅश तर पोटॅशियम क्लोराइडच, म्हणजे मिठाचेच भावंड, आणि क्लोराइडासारखा धातूचा दुसरा शत्रू नाही, कारण तो क्रोमियमच्या आणि ॲल्युमिनियमच्या अंगावर निसर्गतः असणारे ऑक्साइडाचे संरक्षक कवच ठिकठिकाणी भेदून आत खोल खड्डे पाडतो. खताची खेप टाकून आल्यावर त्याच सायंकाळी दोन तांबे साधे पाणी चाकांवर ओतणे, हे वर्षातून एकदा शहरात नेऊन केलेल्या महागड्या पॉलिशहून शतपटीने अधिक उपकारक आहे. क्षार पाण्यात विरघळतात, त्यांना साबणाची गरज नाही; त्यांना फक्त रात्रभर राहू देऊ नये.

पाण्याचा विषय निघाला म्हणजे या मुलखात लेखणी क्षणभर थांबतेच. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम जारी करण्याची पाळी प्रशासनावर आली, आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे शहरात दाखल झाली. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या. ज्या शहराने पिण्याचे पाणी असे रेल्वेने आणवले, तेथे मोटारसायकल धुण्यासाठी तोंडातून धार सोडणारी नळी हाती घेऊन पाव तास उभे राहणे शोभत नाही, हे कोणी निराळे सांगावयास नको. सुदैवाने चाकाच्या हिताची मागणीही तीच आहे. अर्धी बादली पाणी, दोन सुती फडकी, दात घासण्याचा जुना ब्रश आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीत दोन्ही चाके उत्तम स्वच्छ होतात. वाळलेल्या खपल्या आधी पाडाव्यात. मग ओले फडके घट्ट न पिळता चाकाभोवती गुंडाळून पाव-अर्धा तास तसेच राहू द्यावे, म्हणजे माती पाणी पिऊन फुगते आणि धातूवरची पकड सोडते. जो चिखल शेतकऱ्याला सतावतो तो ज्या गुणामुळे, तोच गुण येथे कामास येतो. त्यानंतर वरून खाली पाणी सोडीत, निप्पले ब्रशाने झाडीत, एकच फडके दोन चाकांना न वापरता पुसून घ्यावे. साबण हवाच असेल तर रात्री भिजत घातलेल्या रिठ्यांचे पाणी घ्यावे. सोनारही दागिन्यांना तेच लावतात, आणि त्याने कोणत्याही धातूला इजा होत नाही.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. बेसाल्टच्या फटींतून शेकडो फूट खोलवरून वर येणाऱ्या या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतात, आणि थेंब जागच्या जागी वाळला की त्याचा पांढरा डाग मागे राहतो. उन्हात तापलेल्या चाकावर बोअरचे पाणी टाकून ते तसेच वाळू देणाऱ्याचे चाक धुण्याआधी होते त्याहून ओंगळ दिसते. डाग पडलेच तर लिंबाची फोड फिरवून लगेच साध्या पाण्याने पुसावे. मात्र लिंबाचे आम्ल चाकावर तसेच ठेवून चहाला जाऊ नये. पावसाळ्यात पन्हळीखाली धरलेले पाणी क्षारमुक्त असते, शेवटचा हात त्याने फिरवला तर डागांचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा वंश ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांचा, ज्यांना आपल्याकडील गॅरेजांत सरसकट मॅगव्हील म्हणतात, यद्यपि त्यांत मॅग्नेशियमचे प्रमाण नाममात्रच असते. सिलिकॉन मिसळलेला ॲल्युमिनियमचा रस पोलादी साच्यात ओतून ही चाके एकसंध घडवतात, आणि वर रंगाचा किंवा पारदर्शक लॅकरचा थर देतात. त्यांना तांबडा गंज चढत नाही, यावरून त्यांना काहीच होत नाही असा जो समज पसरला आहे तो चुकीचा आहे. ॲल्युमिनियमचे कवच आम्लातही विरघळते आणि अल्कातही विरघळते, हा त्याचा दुर्दैवी विशेष होय. आपल्या घरातील स्त्रियांना हे रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक होते: चुलीच्या राखेने आणि चिंचेने पितळेची घागर लखलखीत होई, पण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याला तीच राख रोज लावली की पातेले काळवंडे, कारण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते अल्क आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तोही अल्कच. तेव्हा पावडरीचा दाट फेस चाकावर चोपडून तो वाळेपर्यंत गप्पा मारीत बसणे, किंवा संडास धुण्याचे तेजाब पाण्यात मिसळून चाकाला लावणे, ही दोन्ही कामे सारख्याच योग्यतेची आहेत. तेजाबाने तर क्रोमियमही सहीसलामत राहत नाही. लॅकरला एकदा टवका उडाला की त्याच्या कडेने आत शिरलेले पाणी लॅकरच्या खालून किड्याच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा काढीत जाते. तेव्हा टवका दिसताच ती जागा साफ करून, कोरडी करून पारदर्शक रंगाचा ठिपका द्यावा.

जाता जाता एक गंमत. नांदेड आणि हिंगोली हा हळदीचा मुलूख. गाडीच्या पूजेत हळद हवीच, आणि बाजाराच्या दिवशी पोत्यातून सांडलेली हळद चाकांना लागतेच. पांढऱ्या किंवा चंदेरी मॅगव्हीलवरचा हा पिवळा डाग काढण्यासाठी मालक कपड्यांची पावडर घेऊन बसतो, आणि डाग निघण्याऐवजी पाहता पाहता रक्तासारखा लाल होतो! घाबरण्याचे कारण नाही. हळदीतील रंगद्रव्य अल्काच्या स्पर्शाने लाल होते, आणि आपले कुंकू परंपरेने याच क्रियेने तयार होत आले आहे. साध्या पाण्याने अल्क धुऊन टाकावे आणि गाडी दोन दिवस उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

आतापर्यंत चाकाची बाहेरची बाजू पाहिली. पण तारांच्या चाकाचा घात बहुधा आतून, टायर आणि रिंग यांच्या मधल्या अंधारात होतो, आणि तो अंधार उघडतो फक्त पंक्चरच्या दुकानात. देगलूर नाक्यावर किंवा औसा रोडला, कोठेही जाऊन पाहावे. कारागीर ट्यूब काढतो, हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, ठिगळ लावतो, पुन्हा बुडवून खात्री करतो, आणि ओली ट्यूब मांडीवर एकदा घासून तशीच टायरात कोंबतो. टायर बसावा म्हणून काठाला साबणाचे पाणी लावतो, तेही आत जाते. तेथे ऊन नाही, वारा नाही. रिंगेच्या आतल्या बाजूस क्रोमियमचा लेप विरळ, कोठे कोठे नाहीच. आणि निप्पलांची टोके झाकणारी रबरी पट्टी ओल धरून ठेवण्यास सदैव तयार. दोन वर्षांनी तीच पट्टी उचलावी तर खाली तपकिरी पापुद्रे सुटलेले असतात, त्यांच्या धारदार कडा ट्यूबला टोचतात, आणि मालक म्हणतो की हल्लीच्या ट्यूबांत काही दम राहिला नाही. म्हणून पंक्चर काढताना कारागिरास दोन गोष्टींची ताकीद द्यावी: ट्यूब फडक्याने पूर्ण कोरडी करणे, आणि टायर निघालाच आहे तर रिंगेचे पोट पुसून घेणे. पापुद्रे दिसले तर तारेच्या ब्रशाने झाडून, गंजरोधक रंगाचा एक हात देऊन, तो वाळेपर्यंत थांबावे. या कामास अर्धा दिवस जातो आणि कारागीर कुरकुरतो; त्याला चहा पाजावा आणि थोडे अधिक पैसे द्यावेत. बिनट्यूबच्या मॅगव्हीलमध्ये हीच व्याधी निराळ्या रूपाने येते: टायरचा काठ जेथे टेकतो तेथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचते आणि कोठेही खिळा नसताना रोज थोडी थोडी हवा कमी होत जाते.

वॉशिंग सेंटरवर जाणाऱ्यांसाठी चार शब्द. दाबाच्या पाण्याचे तोंड तुंब्याच्या मध्याकडे, म्हणजे बेअरिंगच्या सीलकडे रोखू देऊ नये. पाणी आत शिरले की ग्रीस बाहेर येते आणि काही महिन्यांत चाक घरघरू लागते. धुऊन झाल्यावर डिझेल आणि जळके ऑइल यांचा फवारा मारून गाडी नव्यासारखी काळीभोर करून देण्याची जी सेवा पुष्कळ ठिकाणी आपुलकीने दिली जाते, ती नम्रपणे नाकारावी. त्या तेलाने रबर फुगते, तेच तेल धुळीला चिकटवून ठेवते, आणि ब्रेकच्या लायनरवर किंवा डिस्कवर त्याचा तवंग गेला तर पुढच्या वळणावर ब्रेक लागेलच याची शाश्वती कोणी द्यावी? डिस्कला तेल, मेण, पॉलिश यांतील काहीही लावावयाचे नसते, आणि टायर जेथे जमिनीला टेकतो तेथेही नाही. ड्रम उघडला असता आत दिसणारी काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत सर्वत्र आहे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याचे तंतू फुप्फुसांत जाऊन बसतात, सबब ती भुकटी ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. धुतल्यानंतर गाडी रस्त्यावर काढली की पहिल्या शंभर पावलांत दोन-तीनदा हळू ब्रेक दाबून तो वाळवून घ्यावा.

आणि एक रिवाज असा आहे की त्याविषयी सौम्य भाषा वापरण्याची इच्छा होत नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, इंजिन चालू करून, गिअर टाकून, गरगर फिरणाऱ्या मागच्या चाकाला आणि चेनीला फडके धरून पुसणे! श्रम वाचतात, हे खरे. पण फडक्याचा एक धागा चेनीत अडकला की चेन फडक्यासकट बोटे दातचाकावर ओढून नेते, आणि हे सर्व हात मागे घेण्याचा विचार मनात येण्यापूर्वी घडते. चाक हाताने, एका बाजूला उभे राहून, इंजिन बंद ठेवून फिरवावे. चेनीला लावलेले तेल रिंगेवर उडून जो काळा थर जमतो तो रॉकेलने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने निघतो. रॉकेल टायरला लागू देऊ नये, आणि पेट्रोलचा उपयोग तर या कामी करूच नये.

संरक्षणासाठी बाजारात नाना द्रव्ये मिळतात, पण त्यांतील तत्त्व एकच: धातू आणि ओल यांच्या मध्ये एक पातळ, पाणी न शोषणारा पडदा. मोटारींना लावण्याचे मेण मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, चाक स्वच्छ आणि कोरडे असताना, बोटाने पातळ लावून मऊ फडक्याने उजळले की क्रोमियम आणि लॅकर या दोहोंचे काम भागते. खोबरेल किंवा करडईचे तेल लावून तात्पुरती चकाकी आणणारे हौशी पुष्कळ आहेत. वनस्पतीचे तेल हवेत चिकट होते आणि पांदणीची धूळ त्यावर लेपासारखी बसते, म्हणून ते टाळावे.

दसऱ्याला चाकांना झेंडूच्या माळा घालतात, चाकाखाली लिंबू चिरडतात, नारळ फोडून त्याचे पाणी शिंपडतात. यांपैकी कशालाही आक्षेप नाही; मात्र नारळाच्या पाण्यात क्षार आणि साखर, लिंबात आम्ल, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी एक तांब्या पाणी घालावे, आणि माळ वाळून गळून पडण्याची वाट न पाहता ती सोडून काढावी. तिची फुले गळतात, पण दोरा आसाभोवती वेटोळे घालीत जाऊन सीलच्या ओठाखाली शिरतो, आणि नायलॉनचा दोरा असेल तर सील कापूनच बाहेर येतो.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलाची गाडी गावी महिनोन्महिने उभी असते, तिच्यासाठी एवढेच: चाके धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, मेण लावून गाडी मधल्या स्टँडवर फळीवर चढवावी, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीऐवजी जुने सुती लुगडे किंवा चादर घालावी, कारण ताडपत्रीखाली रात्रीचे दव अडकून राहते, टायरांत हवा पुरती ठेवावी, आणि घरातल्या कोणाला तरी पंधरवड्यातून एकदा दोन्ही चाके हाताने अर्धा फेरा पुढे फिरवून ठेवण्यास सांगावे.